मिरचीचा चुरडामुरडा आणि निदानपरिवर्जन

वैद्यकविषयक त्रैमासिकात मिरचीवरील किडींचा लेख पाहून हा विषय कृषिमासिकाचा आहे असे अनेक वैद्यबांधवांना वाटेल. काही वर्षांपूर्वी मलाही तसेच वाटले असते. तथापि ग्रामीण भागात व्यवसाय करणाऱ्या वैद्याचा रुग्ण बहुतांशी शेतकरी वा शेतमजूर असतो, आणि त्याच्या शेतात जे घडते ते आज ना उद्या त्याच्या शरीरात उतरते. औषधनिर्मात्यांचेही तसेच आहे. ज्या बांधावर रिंगणी आणि पुनर्नवा उगवते, त्याच्या अलीकडे-पलीकडे कोणाचे तरी फवारलेले पीक उभे असते. या दोन्ही कारणांनी हा विषय आपला आहे.

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील, पर्जन्यछायेत येणारे दोन तालुके. भीमेच्या उत्तरेस शिरूर, दक्षिणेस दौंड. एकीकडे घोड व चासकमानचे कालवे, तर दुसरीकडे खडकवासल्याहून येणारा मुठा उजवा कालवा. या पाण्यावर ऊस व कांदा ही पिके प्रामुख्याने घेतली जातात. परंतु तोड्यागणिक घरात रोख पैसा आणणारे पीक म्हणून अर्धा-एक एकर हिरवी मिरची करणारी कुटुंबेही पुष्कळ आहेत. मी याच परिसरात चिकित्सा करतो.

एक रुग्ण आणि एक चूक

एप्रिल महिन्यातील एका दुपारी सुमारे ३५ वर्षांचा एक शेतकरी पत्नीसह चिकित्सालयात आला. हृल्लास, दोन वेळा छर्दी, शिरःशूल, पोटात पीळ आणि अंगभर घाम ही लक्षणे होती. "डॉक्टरसाहेब, पित्त उसळलंय. उन्हात काम केलं, काहीतरी द्या," असे तो म्हणाला. ऋतू ग्रीष्म, वेळ मध्यान्ह, इतिहास उन्हाचा. मी पित्तप्रकोपाचे निदान करून सूतशेखर दिले आणि त्यास बाकावर पडून राहण्यास सांगितले.

थोड्या वेळाने त्याची पत्नी सहज बोलून गेली, "सकाळपासून मिरचीवर औषध मारत होते. आज तिसरा दिवस." मी पुन्हा उठून पाहिले. तोंडात लाळ साचत होती, डोळ्यांतून पाणी येत होते, दंडाचे स्नायू बारीक फडफडत होते. खोलीत उजेड मंद असूनही दोन्ही बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आकुंचित झाल्या होत्या. हे पित्त नव्हते. ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशकाची ही विषबाधा होती आणि माझ्या चुकीमुळे अमूल्य वेळ वाया गेला होता. कपडे उतरवून, साबणाच्या पाण्याने अंग धुऊन त्यास तातडीने रुग्णालयात पाठविले. तेथे अॅट्रोपिनचे उपचार झाले आणि काही दिवसांनी तो घरी परतला.

पुढे मी त्याच्या शेतावर गेलो. मिरचीच्या शेंड्याची पाने खालच्या बाजूस वळलेली, देठ लांबट झालेले. पानाची मागील बाजू भिंगाखाली धरली तेव्हा पिवळसर, पारदर्शक, अत्यंत सूक्ष्म असे कोळी फिरताना दिसले. गावात याला "बोकड्या" म्हणत होते. महिनाभर दर चार दिवसांनी दोन-तीन कीटकनाशके एकत्र करून फवारली जात होती, आणि त्यांपैकी एकही कोळीनाशक नव्हते. म्हणजे रोपाचे निदान चुकले, म्हणून फवारण्या वाढल्या. फवारण्या वाढल्या, म्हणून माणूस आजारी पडला. आणि माणसाचे निदान करताना मीही तीच चूक केली. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन या साखळीत आहे.

चुरडामुरडा हे लक्षण आहे, व्याधी नव्हे

ज्वर वा शोथ पाहिल्यावर आपण हेतूचा शोध घेतो, लक्षणाच्या नावावर औषध देत नाही. मिरचीचे पान आक्रसणे हेही तसेच एक लक्षण आहे. शेतकरी त्यास चुरडामुरडा वा बोकड्या म्हणतो. त्यामागे तीन भिन्न हेतू असू शकतात.

पहिला हेतू फुलकिडे. ही कीड सुमारे एक मिलिमीटर लांब, पिवळसर व झालरीसारख्या पंखांची असते. ती कोवळ्या पानाचा पृष्ठभाग खरवडून रस शोषते, अंडी पानाच्या पेशीजालात घालते आणि कोषावस्था बहुधा मातीत वा पालापाचोळ्यात काढते. पानाच्या कडा वरच्या बाजूस वळून पान होडीसारखे दिसते. मागील बाजूस चंदेरी-तपकिरी ओरखडे येतात. उष्ण, कोरड्या हवेत, म्हणजे आपल्याकडे फेब्रुवारी ते मे या काळात, हिचा जोर असतो.

दुसरा हेतू कोळी. हा कीटकच नव्हे. आठ पायांचा, मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा जीव आहे. साध्या डोळ्यास तो दिसत नाही. पान खालच्या बाजूस वळते, म्हणजे उलट्या होडीसारखे होते. देठ लांबतो, पान जाड व ठिसूळ लागते. उबदार व दमट हवा त्यास मानवते. अनुकूल काळात जेमतेम आठवड्याभरात त्याची पिढी पूर्ण होते, म्हणून प्रादुर्भाव एकाएकी वाढल्यासारखा भासतो.

तिसरा हेतू विषाणू, आणि त्याची वाहक पांढरी माशी. येथे पाने लहान होतात, शिरा जाड व पिवळट होतात, पेरे आखूड होऊन झाड झुडपासारखे खुरटते व फळधारणा थांबते. माशी मारली तरी बाधित झाड बरे होत नाही. हा असाध्य प्रकार आहे.

यांखेरीज मावा व तुडतुडे हेही रस शोषतात. माव्याच्या गोड चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते, आणि मावाही काही विषाणूंचा प्रसार करतो.

अलीकडील एक भर सांगणे आवश्यक आहे. दक्षिणपूर्व आशियातून आलेल्या फुलकिड्याची एक नवी जात २०१५ साली बंगळुरू परिसरात पपईवर प्रथम नोंदली गेली, आणि २०२१-२२ च्या हंगामात आंध्र प्रदेश, तेलंगणा व कर्नाटकातील मिरचीचे तिने अतोनात नुकसान केले. ही जात काळपट असून फुलांत लपते व फुलगळ घडविते. पानावर पडणारी फवारणी फुलाच्या आत पोहोचत नाही, म्हणून औषधामागून औषध बदलूनही तेथील शेतकऱ्यांना उतार पडत नव्हता.

निदानपंचकाची पद्धत

मिरचीस वात-पित्त-कफ लावण्याचा माझा आग्रह नाही. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात झाडांच्या रोगांचे दोषांनुसार वर्गीकरण आहे, आणि ऑक्सफर्ड येथील हस्तलिखितावरून तो ग्रंथ १९९६ साली सिकंदराबादच्या एशियन अॅग्री-हिस्टरी फाउंडेशनने अनुवादासह प्रसिद्ध केला, ही आपल्या परंपरेच्या दृष्टीने मोलाची घटना आहे. परंतु सुरपालाने मिरची पाहिलेली नव्हती. हे पीक अमेरिका खंडाचे. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात ते आपल्या किनाऱ्यावर आले. संहितांतील कटुरसाची द्रव्ये म्हणजे मरिच, पिप्पली व शुंठी. यास्तव मिरचीच्या किडींवरील सिद्ध योग प्राचीन ग्रंथात शोधणे योग्य नव्हे. ग्रंथांकडून घ्यावयाची ती विचाराची शिस्त, आणि निदानपंचक ही शिस्त उत्तम रीतीने शिकविते.

हेतूचा विचार करता काही गोष्टी शेतकऱ्याच्या हातातील आहेत. युरियाचा अतिरेक केल्यास पालवी कोवळी व रसरशीत होते आणि रसशोषक किडींना आमंत्रण मिळते. संतर्पणजन्य व्याधींची कल्पना असणाऱ्या वैद्यास हे समजावून सांगावे लागणार नाही. कांदा व मिरची एकत्र घेऊ नयेत, कारण फुलकिडे दोहोंवर येतात. ज्वारीच्या बेवडावर मिरची घेतल्यासही फुलकिड्यांचा उपद्रव वाढतो असा कृषितज्ज्ञांचा इशारा आहे. आपले तालुके कांद्याचे व रब्बी ज्वारीचे. त्यामुळे या दोन सूचना येथे विशेष महत्त्वाच्या ठरतात.

पूर्वरूप पाहण्यासाठी सापळे आहेत. पिवळ्या चिकट सापळ्यावर पांढरी माशी व मावा येतो, निळ्या सापळ्यावर फुलकिडे येतात. आक्रसलेले पान दिसण्यापूर्वीच किडीची चाहूल लागते.

रूप म्हणजे पानाच्या वळणाची दिशा. वर की खाली, एवढा एक प्रश्न विचारला तरी निम्मे निदान होते. विषाणूच्या बाधेतही पान वर वळू शकते. अशा वेळी शेंडा वा फूल पांढऱ्या कागदावर टिचकी मारून झाडावे. पिवळट वा काळपट बारीक ठिपके धावू लागले तर फुलकिडे आहेत असे समजावे. दहापट मोठे दाखविणारे भिंग थोडक्या पैशात मिळते. नाडीपरीक्षेइतकेच ते येथे उपयुक्त आहे.

उपशय-अनुपशयाचा उपयोग तर विलक्षण होतो. पाण्यात मिसळणारे गंधक फवारून नवी पालवी सरळ आली, तर हेतू कोळी होता हे सिद्ध झाले. उलट सिंथेटिक पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशकांच्या वारंवार फवारणीने आक्रसणे वाढत गेले, तर तो अनुपशय होय. कारण कोळ्यांना खाणारे मित्रजीव त्या फवारणीने मरतात आणि कोळी निर्वेध वाढतात. माझ्या रुग्णाच्या शेतात नेमके हेच चालले होते. अनुपशय स्पष्ट दिसत असताना मात्रा वाढविली जात होती.

संप्राप्तीत काळाचे भान येते. विषाणूची बाधा रोपवाटिकेत झाली असेल, तर लागवडीनंतरच्या सर्व फवारण्या निष्फळ होत. किडीच्या अंडी व कोष या अवस्था फवारणीच्या कक्षेबाहेर राहतात, म्हणून एका फवारणीने संपूर्ण नाश होईल ही अपेक्षाच चुकीची आहे.

चिकित्साक्रम

निदानपरिवर्जन ही प्रथम चिकित्सा. मिरचीच्या बाबतीत तिची सुरुवात गादीवाफ्यावर होते. रोपे कीटकरोधक जाळीखाली वाढवावीत. शेताच्या चारी बाजूंस लागवडीपूर्वीच मक्याच्या दोन-तीन दाट ओळी पेराव्यात, म्हणजे पांढरी माशी व मावा यांस आडोसा निर्माण होतो. चंदेरी आच्छादनाचा कागद वापरल्यास परावर्तित प्रकाशामुळे फुलकिडे व माशी काही प्रमाणात दूर राहतात. नत्राची मात्रा माती परीक्षणानुसार विभागून द्यावी.

त्यानंतर शोधनासारखे कर्म. विषाणूबाधित झाड प्रारंभीच उपटून, पिशवीत घालून शेताबाहेर नेऊन पुरावे. चार झाडे वाचविण्याच्या मोहात सबंध प्लॉट जातो.

मग शमन. प्रादुर्भाव अल्प असताना पाच टक्के निंबोळी अर्क. कोळी असल्यास गंधक, तेही कडक उन्हात नव्हे, कारण तीव्र उष्णतेत गंधकाने पाने करपतात. हवेत ओलावा असताना सायंकाळी लेकॅनिसिलियम लेकानी या उपयुक्त बुरशीची फवारणी. ही बुरशी किडीच्या शरीरावर वाढून तिचा नाश करते. ती बुरशीनाशकात मिसळू नये.

एवढ्यानेही भागले नाही तर रासायनिक औषध. पण मिरचीसाठी शिफारस असलेले, एका वेळी एकच, वर्ग बदलत, आणि शेवटची फवारणी व तोडणी यांतील लेबलवरील दिवस पाळून. कोणते औषध, किती मात्रा, हे वैद्याने सांगू नये. आपण भिंग द्यावे, प्रश्न विचारावेत आणि शेतकऱ्यास कृषी सहायकाकडे अथवा बारामती वा नारायणगाव येथील कृषी विज्ञान केंद्राकडे पाठवावे. आपल्या शास्त्राची मर्यादा ओळखणे हेही वैद्यकर्मच आहे.

निंबोळी अर्क : भैषज्यकल्पनेच्या दृष्टीने

या एका विषयात मात्र वैद्याचे ज्ञान शेतकऱ्यास थेट उपयोगी पडते. निंबोळी अर्काचा गुण आला नाही अशी तक्रार करणाऱ्यांकडे चौकशी केली असता दोष बहुधा द्रव्यसंग्रहात वा कल्पनेत आढळतो.

प्रचलित कृती अशी : वाळलेल्या निंबोळीतील मगज ५ किलो घेऊन कुटावा, सुमारे १० लिटर थंड पाण्यात रात्रभर भिजत ठेवावा, सकाळी फडक्यातून दोनदा गाळावा, त्यात २०० ग्रॅम साबणचुरा स्वतंत्र विरघळवून मिसळावा आणि एकूण १०० लिटर द्रावण करावे. वैद्यबांधवांच्या लक्षात येईल की ही वस्तुतः हिमकल्पना आहे. शार्ङ्गधराच्या हिमात द्रव्याच्या सहापट थंड पाणी असते. येथे भिजविताना दुप्पट आहे, एवढाच भेद. क्वाथ न करता हिम का करावयाचा, याचेही उत्तर सरळ आहे. निंबोळीतील अॅझाडिरॅक्टिन हा कार्यकारी घटक उष्णतेने नष्ट होतो. अर्क उकळणारे शेतकरी मी पाहिले आहेत. ते कष्ट करून वीर्य घालवितात.

संग्रहकालाचा नियमही येथे लागू आहे. आपल्या भागात निंबोळी ग्रीष्माच्या अखेरीपासून पावसाच्या आरंभापर्यंत पिकते. पिकून पडलेली फळे गोळा करून, गर धुऊन, सावलीत वाळवून, हवेशीर पोत्यात ठेवावीत. ओलसर असताना प्लास्टिकच्या पिशवीत भरल्यास बुरशी येते. ८-१० महिन्यांहून जुने बी हीनवीर्य समजावे.

हा अर्क उन्हात लवकर क्षीण होतो, म्हणून सायंकाळी फवारावा. क्षारयुक्त पाण्यातही तो टिकत नाही आणि जड पाण्यात साबण फाटतो. भीमाकाठच्या कालवाक्षेत्रातील अनेक विहिरी व बोअर क्षारट आहेत, तेव्हा शक्य तेथे गोडे पाणी घ्यावे आणि साबण मिसळल्यावर अर्क ठेवून न देता तत्काळ वापरावा. त्याचे कार्य विषासारखे तात्काळ मारक नसते. कीड खाणे सोडते, कात टाकू शकत नाही, पिढी खुंटते. यास्तव तो आरंभी व ७-१० दिवसांच्या अंतराने द्यावा लागतो. बलवान झालेल्या व्याधीत तो एकट्याने पुरेसा होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

वनस्पतिज म्हणजे निर्विष नव्हे

दशपर्णी अर्काचा प्रसार आता सर्वत्र झाला आहे. निंब, करंज, निर्गुंडी, सीताफळ, एरंड, पपई, घाणेरी यांबरोबर त्यात रुई व कण्हेर यांची पाने घातली जातात. अर्क आणि करवीर ही आपल्या शास्त्रात उपविषे आहेत. त्यांचे शोधन केल्याविना आपण ती देत नाही. तोच पाला पिंपात महिनाभर कुजवून उघड्या हातांनी ढवळला जातो, आणि पिंप अंगणात मुलांच्या आवाक्यात असते. कण्हेरीचा परिणाम थेट हृदयावर होतो, हे आपल्याला नव्याने सांगावयास नको.

तंबाखूचा काढा माव्यावर उपयोगी आहे, पण त्यातील निकोटिन त्वचेतूनही शोषले जाते. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेल्यास नेत्रपटलास गंभीर इजा होते. निंबतेल लहान मुलाच्या पोटात गेल्यास आक्षेप व बेशुद्धी येऊ शकते. "जैविक आहे, काही होत नाही" हे वाक्य शेतकऱ्याच्या तोंडी ऐकू आले, तर त्याची समजूत दुरुस्त करण्याचे काम वैद्याचे आहे. कारण द्रव्याचे विषत्व व अमृतत्व योजनेवर अवलंबून असते, हे त्याच्यापेक्षा आपण अधिक जाणतो.

चिकित्सालयात काय पाहावे

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ती घटना दूरची मानू नये. पाठीवरचा गळका पंप, उघडे अंग, वाऱ्याच्या विरुद्ध फवारणी आणि दोन-तीन औषधांचे मिश्रण या गोष्टी आपल्याही तालुक्यांत आहेत.

फवारणीच्या हंगामात हृल्लास, छर्दी, भ्रम, अतिस्वेद घेऊन येणाऱ्या प्रत्येक रुग्णास पहिला प्रश्न विचारावा, "आज-काल फवारणी केली का?" त्यानंतर बाहुली पाहावी. ऑर्गॅनोफॉस्फेट व कार्बामेट विषबाधेत लालास्राव, अश्रू, स्वेद, अतिसार, छातीत घरघर, स्नायूंचे स्फुरण, बहुधा मंद नाडी आणि आकुंचित बाहुली आढळते. धत्तूरविषाची लक्षणे आपण सर्वजण शिकलो आहोत : मुखशोष, रूक्ष उष्ण त्वचा, विस्फारित बाहुली. हे चित्र त्याच्या बरोबर उलट आहे, असे ध्यानात ठेवावे. तथापि यावरून धत्तूराचा प्रतिविष म्हणून प्रयोग करण्याचा विचारही मनात आणू नये. त्यातील अल्कलॉइडांचे प्रमाण अनिश्चित असते, आणि मोजून शिरेतून देता येणारे अॅट्रोपिन रुग्णालयात उपलब्ध आहे.

सर्वच कीटकनाशकांचे चित्र असे नसते. पायरेथ्रॉइडने चेहऱ्यावर मुंग्या व दाह होतो आणि तो घामाने व उन्हाने वाढतो. म्हणून बाहुली प्राकृत आहे एवढ्यावरून विषबाधा नाही असे ठरवू नये.

आपल्या हातून होण्याजोगे उपचार थोडे, पण निर्णायक आहेत. स्वतः हातमोजे घालून रुग्णाचे कपडे उतरवावेत, केस व नखांसह सर्वांग साबणाने धुवावे, डोळे स्वच्छ पाण्याने धुवावेत, छर्दी होत असल्यास डाव्या कुशीवर निजवावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाची बाटली वा लेबल सोबत पाठवावे. वमन देऊ नये. पुष्कळ कीटकनाशकांत खनिज तेलवर्गीय द्रावक असतो, तो फुप्फुसात गेल्यास नवा उपद्रव होतो. तूप, दूध वा तेल पाजून विष शमविण्याचा घरगुती प्रकार थांबवावा. बरे वाटले तरी रुग्णास लगेच पुन्हा शेतात जाऊ देऊ नये, कारण एंझाइमची पातळी पूर्ववत होण्यास आठवडे लागतात आणि त्या काळात अल्प संपर्कही घातक ठरतो.

मिरची तोडणाऱ्या स्त्रियांचा विचार स्वतंत्रपणे करावा. हातांचा दाह केवळ मिरचीच्या तिखट द्रव्याचा असेल, तर तेल लावून साबणाने धुतल्यावर तो कमी होतो. दाहाबरोबर डोके दुखणे, मळमळ वा अंधुक दिसणे असेल, तर तोड्याच्या आधी फवारणी कधी झाली याची चौकशी अवश्य करावी. पंप त्यांच्या पाठीवर नसतो, म्हणून त्यांना कोणी हा प्रश्न विचारीत नाही.

औषधनिर्मात्यांसाठी

मिरची, रिंगणी, काकमाची व अश्वगंधा ही एकाच कुळातील. त्यामुळे मिरचीच्या किडी या वनस्पतींवर येतात आणि तणांवर टिकून राहतात. कृषितज्ज्ञ म्हणतात, बांधावरची काकमाची व रिंगणी उपटा. आपण म्हणतो, ती औषधी आहे, राहू द्या. दोघांचेही म्हणणे आपापल्या ठिकाणी खरे आहे. माझ्या मते मिरचीच्या प्लॉटलगत या वनस्पती राखू नयेत, आणि तेथून गोळा केलेल्या औषधांत वापरूही नयेत. फवारणीचा तुषार बांध ओळखत नाही. काकमाची, रिंगणी, माका, पुनर्नवा वा गोखरू घेऊन येणाऱ्यास "कोणत्या बांधावरून आणले, शेजारी पीक कोणते?" असे विचारण्यास वेळ लागत नाही. आयुर्वेदिक फार्माकोपियाने कीटकनाशक-अवशेषांच्या मर्यादा घालून दिल्या आहेत. परंतु प्रयोगशाळेतील तपासणी हा शेवटचा पहारा आहे, पहिला नव्हे. कीटकनाशकाच्या पोत्यातून वा डब्यातून आलेला माल तर दारातूनच परत पाठवावा.

२०१४ साली सौदी अरेबियाने अवशेषांच्या कारणावरून भारतीय हिरव्या मिरचीची आयात थांबविली होती. भाजीच्या बाबतीत जे घडले ते चूर्णाच्या बाबतीत घडू शकते, आणि आपले चूर्ण तर रुग्णाच्या पोटात जाते.

दुसरा मुद्दा कायद्याचा. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतासाठी निंबोळी अर्क करणे वेगळे, आणि औषधशाळेने तो बाटलीत भरून कीडनाशक म्हणून विकणे वेगळे. आयुर्वेदीय औषधनिर्मितीचा परवाना त्यास पुरत नाही. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार स्वतंत्र नोंदणी व परवाना लागतो. उत्पन्नाचा सोपा मार्ग म्हणून याकडे वळणाऱ्यांनी हे आधी पाहावे. तसेच औषधशाळेच्या पल्व्हरायझरमध्ये निंबोळी वा दशपर्णीचा पाला कधीही घालू नये. पुढच्या खेपेचे चूर्ण त्यातूनच जाणार असते.

उपसंहार

गेल्या दोन दशकांत अनेक जहाल औषधे मागे पडली. मोनोक्रोटोफॉसचा भाजीपाल्यावरील वापर २००५ साली निषिद्ध झाला. एंडोसल्फानवर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. ट्रायझोफॉस व डायक्लोरव्हॉस २०२० च्या अखेरीस बंद झाले. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु एक विष जाऊन दुसरे आले आणि निदान चुकीचेच राहिले, तर शेतकऱ्याचा खर्च व धोका कायम राहतो.

माझ्या मेजावर आता नाडीपरीक्षेच्या नोंदवहीशेजारी एक भिंग असते. मिरची करणारा रुग्ण आला की पुढच्या वेळी आक्रसलेले एक पान कागदात गुंडाळून आणण्यास मी सांगतो. पान वर वळले आहे की खाली, हे आम्ही दोघे मिळून पाहतो आणि मग तो कृषी सहायकाकडे जातो. ज्याच्याकडे त्या एप्रिलमध्ये मी सूतशेखर देऊन दुर्लक्ष केले होते, तो शेतकरी आजही मिरची करतो. गतवर्षी त्याने स्वतःच पान आणून माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, खाली वळलंय. कोळीच हाय. गंधक मारतो."

वैद्यबांधवांनी आपापल्या भागातील अशा रुग्णांच्या नोंदी ठेवाव्यात व या त्रैमासिकाकडे पाठवाव्यात, ही विनंती. इत्यलम्.